उजवा डोळा आणि शांतीचे विक्रेते

मार्चमधल्या एका सकाळी माझ्या उजव्या डोळ्यासमोर राखाडी पडदा आला. आधी वाटलं, चष्मा पुसायचा राहिलाय. चष्मा पुसला, डोळे धुतले, चष्मा पुन्हा पुसला. मग डावा डोळा झाकून पाहिलं, तर स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती आणि खिडकीबाहेरचं काहीच दिसत नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असतात, अशाच प्रश्नांची मला सवय.

तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, सलाइनमधून स्टेरॉइड झालं. नजर बरीचशी परत आली. लाल रंग मात्र त्या डोळ्याला अजूनही फिकट दिसतो, शंभरदा धुतलेल्या साडीसारखा. नसांवरच्या आवरणाला सूज येण्याचा हा आजार. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता.

"पुन्हा होईल का?" मी विचारलं.

"होऊ शकतं."

"कधी?"

"सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात, दहा वर्षांनी, किंवा कधीच नाही."

"मग मी काय करायचं?"

"औषध वेळेवर घ्या."

मला त्याचा संतापच आला. एवढं शिकून माणूस सरळ 'माहीत नाही' म्हणतो? पुढच्या काही महिन्यांत जी मंडळी भेटली, त्यांच्यानंतर कळलं की खरं बोलणारा तो एकटाच होता.

कारण बातमी पसरली आणि कोथरूडमधल्या आमच्या घरी शांतीचे विक्रेते यायला लागले. एक मैत्रीण झेनवरचं इंग्रजी पुस्तक ठेवून गेली. तिच्या स्वतःच्या घरी दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर जिन्यापर्यंत आवाज येतो. नवऱ्याच्या चुलतभावाने गीतेतला निष्काम कर्मयोग समजावला, आणि उठता उठता आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी कुणाची ओळख आहे का, तेही विचारून घेतलं. नवरा बिचारा सगळ्यांना चहा देत राहिला. तो निवृत्त झालाय, आणि माझ्या आजारपणापासून दिवसभर मोबाइलवर आजारांविषयी वाचत बसतो.

या सगळ्यांत पट्टीचा म्हणजे माझा धाकटा दीर. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, बाणेरला फ्लॅट, आणि तीन वर्षांपासून ध्यान. त्याच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी दगडी बुद्ध आहे, त्याच्या पायाशी विजेवर चालणारं कारंजं. पाहुणे आले की बटण दाबतात.

"वहिनी, स्वीकार करा," तो मोबाइलवर बोट फिरवत मला म्हणाला. "सगळं अनित्य आहे. तुम्ही रेझिस्ट करताय म्हणून त्रास होतोय."

"भावजी, त्रास नसेला सूज आली म्हणून होतोय."

"तेच ते. तुम्ही फार लॉजिकल आहात."

पुण्यात हा दोष मानला जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तरी एका रविवारी त्याच्याबरोबर 'अनिश्चिततेशी मैत्री' नावाच्या शिबिराला गेले. नवऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता म्हणून. वातानुकूलित हॉल, जमिनीवर गाद्या, समोर लिननच्या कुडत्यातले एक गुरू. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी आणि मधे मधे पाली. प्रत्येकाने आपण काय घट्ट धरून ठेवलंय ते मोठ्याने सांगायचं आणि हातातला गुळगुळीत गोटा पाण्याच्या घंगाळात सोडायचा. कुणी 'अहंकार' म्हणालं, कुणी 'कंट्रोल'. माझा दीर डोळे मिटून 'यशाचा मोह' म्हणाला आणि त्याने गोटा सोडला. माझी पाळी आली.

"उजवा डोळा," मी म्हणाले.

गुरू मंद हसले. "डोळा म्हणजे तुम्ही नाही, ताई."

"नसेन. पण तो माझाच आहे, आणि सोडायला मी तयार नाही."

हॉलमध्ये शांतता पसरली. त्या दिवसाची खरी शांतता तेवढीच. गोटा मी घरी आणला. दीर गाडीत सिग्नल लागला की हॉर्न वाजवत होता, हिरवा व्हायच्या आधीपासून.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाई सरकारी नोकरीतून वरच्या पदावरून निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. घरात बुद्धाची साधी तसबीर, आणि पौर्णिमेला त्या न चुकता विहारात जातात. शिबिराचा किस्सा मी त्यांना मोठ्या तावातावाने सांगितला.

"तुमचा बुद्ध आमच्या भावजींनी कारंज्यात उभा केलाय," मी म्हणाले.

"उभा नको, बसवा म्हणावं. पाय दुखतील," त्या म्हणाल्या. "हे लोक स्वीकार, स्वीकार करतात ना, आमच्या घरी हा शब्द फार जपून वापरतात. पिढ्यानपिढ्या आम्हाला हेच सांगितलं गेलं. आहे ते स्वीकारा, विहिरीवर येऊ नका. वडील त्यालाच नाही म्हणाले आणि धम्मात आले. अन्याय स्वीकारायचा नसतो, बाई. तुमच्या डोळ्याचं वेगळं. तिथे भांडायला समोर कुणी नाहीच."

"मग मन शांत कसं होतं?"

"माझं कुठे होतंय? जिन्यात गुडघा दुखला की मी रोज चिडते. फक्त उद्या दुखेल का, याचा विचार आज करत नाही. जमेल तेवढ्या दिवशी."

पहिल्यांदाच मला कुणी काही विकत नव्हतं. ते 'जमेल तेवढ्या दिवशी' माझ्याबरोबर घरी आलं.

दिवाळीनंतर दिराची नोकरी गेली. कंपनीने अख्खा विभागच बंद केला. सकाळी मीटिंग, दुपारी ओळखपत्र परत. जाऊबाईंचा फोन आला की हा पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो, वर येतच नाही. नवरा जाऊन त्याला आमच्याकडे घेऊन आला. तो सोफ्यावर बसला, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "माझ्यासारख्याला काढलं," एवढंच परत परत म्हणत होता. सोळा वर्षं दिली, माझ्या हाताखालचे राहिले, मीच का.

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "भावजी, सगळं अनित्य आहे."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कुणाला थोबाडीत मारली. पण महिनोन्महिने मी ते वाक्य ऐकून घेतलं होतं. एकदा परत करण्याचा मला हक्क होता आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दिराने पेला उचलला आणि परत ठेवला. मग खो खो हसला, आणि हसता हसताच रडायला लागला.

"वहिनी, मी हे तुम्हाला किती वेळा म्हणालो असेन हो?"

"मोजणं मी सोडून दिलं."

"मला भीती वाटतेय. ध्यानाला बसतो तर छातीत धडधडतं. तुम्ही काय करता?"

"मीही घाबरते. रोज उठल्यावर डावा डोळा झाकून समोरची इमारत दिसते का बघते. दिसली की कामाला लागते."

"आणि नाही दिसली तर?"

"तर डॉक्टरांना फोन, आणि मग कामाला."

"बस? एवढंच?"

"एवढंच. यावर शिबिर भरवता येत नाही, म्हणून कुणी सांगत नाही."

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा. मी त्याच्यासमोर घेवडा ठेवायचे, तो दोरे काढत बसायचा. त्याला ते नीट येत नव्हतं, अजूनही येत नाही. काही महिन्यांनी त्याला लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. पगार पूर्वीच्या मानाने अगदीच कमी. पण माणूस काही सुधारला नाही. आता तो मुलांना 'बदलाला सामोरं जाणं' यावर भाषणं देतो आणि त्यात माझा उल्लेख 'माझ्या परिचयाच्या एक साधक' असा करतो. मी त्याला ताकीद दिली आहे.

गेल्या हिवाळ्यात दुसरा झटका आला. कॉलेजमधून परतताना, बसथांब्यावर, डावा पाय बधिर झाला. चप्पल पायात आहे की निसटली हे खाली पाहिल्याशिवाय कळेना. काय झालंय ते लगेच ओळखलं. बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. भीती होतीच. पण तिच्याशी वाद घालणारी, आता पुढे काय, मीच का, असं विचारत सुटणारी जी बाई वर्षभर माझ्या डोक्यात राहत होती, ती त्या दिवशी आली नाही. समोर कात्रजची बस उभी राहिली, दोन मुली धावत येऊन तिच्यात चढल्या, कंडक्टर त्यांच्यावर ओरडला. मी ते सगळं नीट पाहिलं. याला शांती म्हणत असतील तर म्हणोत. मला तो शब्द आता दुकानातला वाटतो.

नवरा स्कूटरवरून आला तो धापा टाकतच.

"अगं, चक्कर येतेय का? दिसतंय ना? मी वाचलंय की..."

"अहो, वाचलेलं नंतर सांगा," मी म्हणाले. "आधी मला हात द्या, आणि स्कूटर इथेच ठेवून रिक्षा बघा. आणि कर्वे रस्त्याने नको, तिकडे खोदून ठेवलंय."