गाठ विरेपर्यंत बिननावाची

"डॉक्टर, औषध न्हाई, सलाईन न्हाई. मग तुम्ही करनार काय?" निमोण्याच्या आबांनी विचारलं.

"वाट बघणार," मी म्हणालो.

शिरूरच्या माझ्या दवाखान्यात हे उत्तर फारसं खपत नाही.

त्यांची तान्ही नात टेबलावर होती. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्यात हरभऱ्याएवढी गाठ दिसत होती. रॅब्डोमायोमा. हृदयाच्याच स्नायूची गाठ, कॅन्सर नव्हे. जन्मानंतर बहुतेकदा आपोआप आकसते. रक्ताची वाट अडवली, तर मात्र ऑपरेशन. हिची गाठ वाटेच्या अगदी काठावर बसलेली.

फाइलसाठी नाव विचारलं. "ठेवलं न्हाई," आई म्हणाली. "आबा म्हणत्यात, आधी गाठ जाऊ द्या."

वडील शिक्रापूरला कंपनीत सुपरवायझर. "सर, पुण्यात काढून टाकू. साहेबांना फोन लावू का?" साहेब म्हणजे त्यांच्या भागातले पुढारी.

"गाठ फोन उचलत नाही," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. मीही नाही. ऑपरेशन करून बिघडलं, तर डॉक्टरनं प्रयत्न केला म्हणतात. थांबून बिघडलं, तर काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

पुण्याच्या सर्जननीही थांबायलाच सांगितलं. आईला बजावलं: दूध पिताना घाम आला, धाप लागली, ओठ निळे पडले, तर थेट पुणे. पुढच्या इकोत गाठ तेवढीच. त्यानंतर किंचित लहान, पण आशा असली की हातातला सोनोग्राफीचा प्रोब सोयीच्या बाजूला कलतो, म्हणून पुन्हा मोजली. वर्ष सरता सरता तिथं एक पांढुरका ठिपका उरला.

पाठीवर मात्र पानासारखे फिकट डाग उमटले होते. अशी गाठ आणि असे डाग एकाच जनुकीय आजाराचे असू शकतात. त्यात पुढं फिट्स येऊ शकतात, लहान बाळांत हात झटक्यात वर उडतात, पुन्हा पुन्हा. तेही सांगितलं, मेंदूची तपासणी लिहून दिली.

आबांनी नातीचं झबलं खाली ओढलं. "मंग नाव अजून थांबवू?"

"नको आबा. वाट बघायचं काम माझ्याकडं राहू द्या."

बारशाला मांडव, स्पीकर, साहेब. 'यशस्वी उपचारांबद्दल' त्यांच्या हस्ते मला शाल. काहीही न केल्याबद्दल झालेला माझा हा एकमेव सत्कार. भाषणात साहेबांनी प्रयत्नांचा उल्लेख केला. स्वतःच्या.

दौंडच्या आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, स्वरा. तेवढ्यात बाहेर फटाक्यांची माळ लागली आणि पोरीचे दोन्ही हात झटक्यात वर गेले. मी शाल खुर्चीवर टाकून तिच्यापाशी पोचलो. हात पुन्हा उडाले नाहीत. तिनं भोकाड पसरलं.

"काय झालं वो?" आत्या घाबरली.

"काही नाही. दचकली."

मग परत जाऊन शाल घेतली. गाठ आपोआप विरली. ती विरेपर्यंत मला लागलेली वाट बघायची सवय मात्र विरलेली नाही.