दौलतचा हिरवा रंग

केसरीनाथ शेठच्या कारखान्यात चोवीस माग होते आणि चेकर एकच, दौलत तरे. मागावरून उतरलेलं कोरं कापड त्याच्या टेबलावरून सरकायला लागलं, की कुठे धागा तुटलाय, कुठे वीण सैल पडलीय, कुठे मोहरीएवढा तेलाचा डाग आहे, ते त्याला सरकत्या कापडातच दिसायचं. बोट ठेवून दाखवलं तरी बाकीच्यांना दिसत नसे. मग तो भिंग पुढे करायचा आणि हुज्जत घालणारा कारागीर हसत कान धरायचा. "दौलतभाई, आँख है या दुर्बीन?" असं सगळे म्हणायचे, आणि दौलतला ते मनापासून आवडायचं.

खाडीकाठच्या आगरी गावातून तो रोज सायकलने ड्युटीवर यायचा. वाटेवरच्या बांधाला भूत आहे म्हणून गाव तिथून जायला भ्यायचा. हा पठ्ठ्या त्याच बांधावरून गाणी म्हणत जायचा. "जे हाय ते दिसतं. दिसत न्हाय, ते न्हाय," एवढंच त्याचं शास्त्र, आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत ते त्याला पुरलं.

घरात मात्र या दुर्बिणीची थट्टा चालायची. ब्याऐंशी साली लग्न झालं. पहिल्या गौरीला त्याने बायकोला, तुळजाला, मोठ्या हौसेने हिरव्या बांगड्या आणल्या. तिने पुडी सोडली आणि पदर तोंडाला लावून हसतच सुटली.

"अवो, या चॉकलेटी हायत!"

"हिरव्या हायत गो."

"मंग बांगडीवाल्याने तुमाला फसवला."

दौलत चार दिवस त्या बांगडीवाल्यावर धुमसत राहिला. तुळजाने बांगड्या घातल्या, आणि शेजारणींना सांगितलं, "आमच्या मालकाला खोड आन् पाला येकच." आपलं रंगाकडे लक्ष नसतं एवढंच, असं दौलत स्वतःला सांगायचा.

अठ्ठ्याऐंशी साली शेठने रंगीत चौकड्यांचं कापड विणायला घेतलं. पहिले अकरा तागे दौलतने बारकाईने तपासून पास केले, आणि चार दिवसांत ते सगळेच्या सगळे परत आले. कुणीतरी हिरव्याच्या जागी चॉकलेटी धाग्याच्या कांड्या लावल्या होत्या. शेठने तागा टेबलावर उलगडला.

"दौलत, आंधळ्याला दिसंल असा पट्टा हाय यो. तुला कसा न्हाय दिसला?"

दौलतने भिंग घेतलं, हातभर कापड वीतवीत करून पाहिलं आणि मान वर केली. "शेठ, यात चूक काय हाय?"

शेठला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्याने दौलतचं तोंड पाहिलं आणि त्याचा राग गळून पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टर सरलाबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला.

बाईंनी एक पुस्तक उघडलं. पानोपानी रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेले आकडे. पहिल्या पानावरचा बारा दौलतने वाचला. दुसऱ्या पानावर त्याला नुसते ठिपके दिसले. तिसऱ्यावरही. मागे उभ्या शेठला राहवेना. "आठ! अरे, आठ हाय यो! एवढा मोठा आठ!" दौलतने पुस्तक आणखी जवळ ओढलं.

मग एक पान आलं आणि शेठच डोळे बारीक करून बघायला लागला.

"यात काय न्हाय," तो म्हणाला.

"पंचेचाळीस," दौलत म्हणाला.

"कुठं?"

दौलतने पानावर बोटाने आधी चार गिरवला, मग पाच. शेठने पानाला नाक लावलं, चष्मा काढला, परत घातला. "बाई, यो काय पन सांगतं!"

बाई हसल्या. "नाही हो. पंचेचाळीसच आहे. मलाही दिसत नाही, मागे छापलंय म्हणून माहीत. हे पान यांच्यासारख्या डोळ्यांसाठीच केलंय. यांना लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, म्हणून चॉकलेटीही हिरव्यासारखाच दिसतो. जन्मापासूनच तसं आहे."

दौलतने ते पान परत एकदा पाहिलं. मग त्याने विचारलं, "मंग बाई, खरा काय? तुमाला दिसतं ते, का मना दिसतं ते?"

"कापडावरून उजेड परत येतो," बाई म्हणाल्या. "कुणी बघो न बघो, तो येतोच. त्याचं हिरवं का चॉकलेटी करायचं, ते आपला डोळा करतो. तुमचा डोळा ते जरा निराळं करतो, एवढंच."

एवढंच!  आठ दिवस तो पाहील त्या वस्तूकडे संशयाने बघत होता. भातखाचरं, खाडीतली तिवराची झाडं, घराचं कौल, चुलीतला निखारा. चौतीस वर्षं आपण ज्या जगात राहिलो त्यात दुसरं कुणीच राहत नव्हतं, या विचाराने त्याला मासळीचं कालवणही गोड लागेना. गाणी बंद झाली. तेव्हा तुळजानेच ठरवलं, रविवारी वज्रेश्वरीला जायचं.

देवीचं दर्शन घेऊन दोघं अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर आली. एका कुंडात हात ठेववत नव्हता, तरी दौलतने हट्टाने उजवा हात बुडवून धरला. तुळजाने मजा म्हणून नदीचं गार पाणी डब्यात आणलं आणि त्याचा डावा हात त्यात दाबून ठेवला. असे दोन्ही हात बधिर करून तो शेजारच्या कोमट कुंडाशी गेला, दोन्ही एकदम आत घातले, आणि ओरडला, "तुळजे! उजवा हात सांगतं पानी थंड हाय, डावा सांगतं ऊन हाय!"

तिचा विश्वास बसेना. तिने स्वतः करून पाहिलं आणि ती किंचाळलीच. आसपासचे लोक वळून बघायला लागले.

"मंग खोटा कोन बोलतं?" दौलतने विचारलं. "उजवा का डावा?"

"कोनीच न्हाय. पानी हाय तेवढाच ऊन हाय, हातांची आपली भांडना." तुळजाने हात पदराला पुसले. "त्या बांगड्या मी तीन वर्सं घातल्या. तुमाला हिरव्या, मना चॉकलेटी. पन पाट्यावर आपटल्या तवा दोघांच्याबी फुटल्या ना?"

दौलत हसला. आधी नाकातल्या नाकात, मग असा खदखदून की काठावरचा डबा कलंडला.

येताना अंबाडी नाक्यावर दोघांनी वडे खाल्ले आणि तिथेच तुळजाने मनातली गोष्ट काढली. ती घरी रंगीत धाग्याच्या कांड्या भरायची. एका हिरव्याचे नऊ प्रकार तिला तोंडपाठ होते. "विणीतली चूक तुमी बघा," ती म्हणाली, "रंग मी बघते."

शेठ आधी तयार होईना. "चेकिंगच्या टेबलावर बाई? लोकांना कसं दिसंल?"

"लोकांना पंचेचाळीसबी दिसत न्हवता, शेठ," तुळजा म्हणाली. शेठ पोट धरून हसला आणि महिनाभर बघू म्हणाला.

त्या महिन्याची पुढे वर्षं झाली. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मधून कापड सरकतंय. "यो कनचा?" तो विचारायचा. "पोपटी," ती सांगायची, किंवा "शेवाळी", किंवा "पिकलेल्या तोंडल्यावानी." परदेशातल्या बातम्या ऐकाव्यात तसा तो ऐकायचा. आणि घरी जाताना गवतात बसलेला हिरवा टोळ तिला दिसायचा नाही, पण त्याचा डोळा रंगाला फसत नसल्याने तो त्याला दहा पावलांवरून दिसायचा. मग तो ऐटीत बोट दाखवायचा. बांधावरच्या भुताबद्दल मात्र तो आता जरा जपून बोलायचा.

पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं. कारागीर सुट्टीवर, माग बंद. थोडे तागे तपासायचे राहिले होते म्हणून दोघं सकाळीच आली. रखवालदार सावळाराम ग्रहण म्हणून खोलीचं दार लावून बसला होता. पूर्वेकडच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यांतून रोजचे गोल कवडसे टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पडायचे. दौलतने तागा ओढला आणि थबकला.

"तुळजे, सगळ्या कापडावर डाग हायत. कोयत्यावानी."

ती वाकली. कवडसे गोल नव्हते. पन्नास-साठ छोटे, खाल्लेले सूर्य कापडावर पसरले होते, सगळे एकाच बाजूने खाल्लेले. "मनाबी दिसतात," ती हळूच म्हणाली. "कोयत्यावानीच."

दौलतने जाऊन सावळारामचं दार बडवलं. तो कुरकुरत, डोळ्यांवर हात धरून आला. "वर न्हाय बघायचा, खाली बघ," दौलतने सांगितलं. सावळारामने बोटांच्या फटीतून टेबलाकडे पाहिलं, आणि हात खाली आला. "आयला!" तो म्हणाला.

तिघांनी मिळून आणखी एक तागा उलगडून जमिनीवर अंथरला, म्हणजे एकही सूर्य कापडाबाहेर पडायला नको. मग कडेला उकिडवं बसून, घरून आणलेला चहा थंड होऊ देत, ते कवडसे हळूहळू भरत जाताना बघत राहिले.