पार्शातली बिनटपाची गाडी

दोडामार्गाचा उतार संपला तेव्हा माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, अजून वेळ गेलेली नाही. वळवा गाडी."

आम्ही दोघी म्हाताऱ्या कोल्हापूरहून गोव्याला निघालो होतो, तेही समुद्र सोडून मोटार बघायला. दोन माणसांच्या, बिनटपाच्या जुन्या गाड्या जमवायचा मला नाद आहे. अंगणातल्या शेडमध्ये दोन आहेत. पेडणे तालुक्यातल्या पार्शात तिसरी असल्याचं कळलं, आणि तीही नेमकी 'तसली'.

तसली म्हणजे जिच्यातून लग्नाआधी वन्संच्या भावाने मला पन्हाळ्याच्या रस्त्यावर फिरवलं होतं. गाडी त्यांच्या मित्राची होती, आणि माझी कंबरेपर्यंतची वेणी बाजारातली. पहिल्याच वळणावर गंगावन उडून उसात गेलं. तेव्हाची मी वीस वर्षांची दीडशहाणी. म्हणते काय, "अय्या, कुणाच्या तरी घोड्याचं शेपूट उडालं!" तरीही त्यांनी माझ्याशी लग्न केलं. मित्राने मात्र गाडी विकली, आणि मला हा नाद लागला.

डिचोलीत पातळ भाजी आणि उंडे (वरून कडक, आत मऊ असे गोल पाव) मागवले. मी तीन उंडे खाल्ले. वन्संची कवळी पहिल्यातच अडकली, त्यामुळे कोलवाळच्या पुलापर्यंत त्या गप्प होत्या. प्रवासातला सर्वांत सुखाचा टप्पा तो.

पार्शाला काजूच्या झाडांमागे एक मांगर (बागेतलं कौलारू छप्पर) होता. त्यात ती उभी होती. बुटकी दारं, तारांची चाकं, होडीसारखी निमुळती शेपटी. आणि एका सीटवर टोपलीत कोंबडी.

"तिका उठवू नकात, अंड्यांर बसली आसा," मालक दत्तारामभाऊ म्हणाले. गाडी त्यांच्या वडिलांची. दर दसऱ्याला हार घालून ते ती गावातून फिरवतात.

"द्याल का मला?"

"माका नको, देवाक इचारूक व्हया."

म्हणजे कौल लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात भटजींनी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. जमलेली मंडळी "होय महाराजा" म्हणत होती. त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा.

पाकळ्या हलेनात. शेजारी जमिनीवर टेबलफॅन बंद होता. मी पायाच्या अंगठ्याने तो हळूच उजवीकडे वळवला.

"वहिनी, देवळात आहोत!" वन्सं कुजबुजल्या.

मी बटण दाबलं. उजवी पाकळी टपकन पडली. मी टाळी वाजवणार, तोच भटजी म्हणाले, "डावो कौल. देव नाय म्हणता."

"अहो, उजवी पडली की!"

"आजी, ती तुमची उजवी. देव तुमच्याकडे तोंड करून बसलो आसा."

"परत लावा, ह्यांनी पंखा लावला होता!" वन्संनी भर देवळात मला उघडं पाडलं.

"पंखो लायलो म्हणान देव फसता काय?" दत्तारामभाऊ म्हणाले, आणि सगळं देऊळ हसलं. माझी गाडी गेली.

माझं तोंड बघून त्यांनाच दया आली असावी. मांगराशी आल्यावर म्हणाले, "गाडी दिवक नको म्हणालो देव. फिरवक नको खंय म्हणालो? बसा."

कोंबडीची टोपली माझ्या मांडीवर आली. ठसके देत गाडी सुरू झाली आणि माडांमधून धावू लागली. वन्सं मागे रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभ्या. पहिल्या वळणावर सवयीने माझा हात डोक्याकडे गेला. तिथे आता बोटभर पांढरे केस. उडालं ते कोंबडीचं एक पीस, आणि मी ओरडले, "माझंच गं बाई, माझंच!" दत्तारामभाऊंना काही कळलं नाही. त्यांनी हॉर्न वाजवला.

कोल्हापूरला आले तर शेडमधली तिसरी जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी बघते तर वन्संनी तिथे टेबलफॅन आणून ठेवलाय.

"कशाला हो?"

"देवाची उजवी कुठली, ते पाठ होईपर्यंत राहू दे."

वीस वर्षांची मी वाऱ्यापासून वेणी लपवत होते, सत्तरीची मी वाऱ्याकडून गाडी मिळवायला निघाले. एकदा गंगावन गेलं, एकदा गाडी. दोन्ही वेळा फेरफटका मात्र झक्कास झाला.