चटका न बसणारी बोटं

शहागडला हमरस्त्याच्या कडेला बिरू आणि गोपिकाबाई या नवरा-बायकोची खानावळ होती. बिरूकडं पूर्वी मेंढरं होती. बहात्तरच्या दुष्काळात ती विकावी लागली, तेव्हा दोघांनी ट्रकवाल्यांना भाकरी करून घालायला सुरुवात केली. पुढं पाऊसपाणी झालं, पण हे काम अंगवळणी पडलं होतं.

गोपिकाबाई तव्यावरची भाकरी हातानंच उलटायची आणि निखाऱ्यावरची हातानंच फिरवायची. ड्रायव्हर म्हणायचे, "बाईच्या हाताला इस्तू लागतच न्हाई." तिलाही ते ऐकून बरं वाटायचं.

एके दुपारी बिरू भाकरी न्यायला चुलीपाशी आला. गोपिकाबाई कुणाशी तरी बोलत होती आणि तिची करंगळी निखाऱ्याला टेकली होती. कातडी जळाल्याचा वास येत होता. बिरूनं तिचा हात ओढला.

"भाजलं न्हाई का तुला?"

तिनं बोटाकडं पाहिलं. शेजारच्या बोटालाही फोड आला होता. "दुखायला पायजे व्हतं," ती हळूच म्हणाली. आता मात्र ती घाबरली.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं जालन्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि हातावरून कापसाचा बोळा फिरवला. करंगळीवर, शेजारच्या बोटावर आणि कोपराजवळच्या फिकट चट्ट्यावर तिला काहीच कळलं नाही. कोपरामागची शीर सुजून जाड झाली होती.

"महारोगाची सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "चटका बसला की शीर वर निरोप देते, मग दुखतं आणि आपण हात काढून घेतो. तुमच्या या शिरेतून निरोपच जात नाही. गोळ्या घ्या. आणि हाताला जे कळत नाही, ते डोळ्यांनी बघत जा."

"मंग खानावळ बंद करावी का?" बिरूनं विचारलं.

"गरज नाही. यांचा रोग दुसऱ्याला लागणारा नाही."

घरी आल्यावर बिरू भाकरी थापायला बसला. त्याच्या भाकरीच्या कडा फाटायच्या. नेहमी येणारा अप्पाराव ड्रायव्हर हसला, "आज बाई रुसल्या का?"

गोपिकाबाईनं त्याला सगळं खरं सांगितलं. रोगाचं नावही सांगितलं. अप्पारावनं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाला, "कालवण वाढा वैनी. भाकर कोरडी लागून राह्यली." काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, पण बाकीची येत राहिली.

जखमा भरल्यावर गोपिकाबाई चिमटा घेऊन पुन्हा चुलीपुढं बसली. रोज दिवेलागणीला बिरू तिचे हात मांडीवर घेऊन बोट न बोट निरखायचा. आयाबाया हसायच्या. लग्नाच्या नव्या दिवसांतसुद्धा त्यानं कधी असा हात धरला नव्हता, असं ती त्यांना खुशाल सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात सरपण मोडताना तिला बाभळीचा काटा टोचला. ती थांबली. करंगळीच्या शेजारच्या बोटात बारीक कळ उठली होती.

"आवं, हितं दुखतंय," तिनं बिरूला हाक मारली.

तो धावतच आला आणि काटा काढायला लागला. ती म्हणाली, "राहू द्या जरा."

करंगळी पुढं तशीच बधिर राहिली. तिच्यावर मात्र गोपिकाबाईची सदा नजर असायची.