रुवैसच्या धक्क्यावरची पिनिसी

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कतारमधल्या अल रुवैसच्या बंदरात मी लाकडी होड्यांची दुरुस्ती करायचो. रत्नागिरीकडे आमचं घराणंच गलबतं बांधणारं. रुवैसच्या धक्क्याला एक पिनिसी उभी असे. एका कतारी शेठने हौसेने ते जहाज इंडोनेशियाहून आणवलं होतं. अंग सुलावेसी बेटावरच्या सुतारांच्या हातचं, लाकडी खुंट्यांनी जोडलेलं; दोन डोलकाठ्या आणि शिडं मात्र जुन्या युरोपियन जहाजांच्या वळणाची. ती बांधणारा म्हातारा सुतारच राखणीला सोबत आला होता. मी त्याला चाचा म्हणायचो. मोडकी हिंदी, मोडकी अरबी, एवढ्यावर आमचं जमायचं.

शेठ वारला. मुलांना जहाज नको होतं, गिऱ्हाईक मिळेना. मुकादम मला म्हणाला, "तोडून टाका. यल्ला, चला, या महिन्यात खलास."

चाचाला मीच सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. मीच सोडवतो तिला."

पिनिसी रेतीवर ओढून घेतली. फळ्या इतक्या तापायच्या की हातमोज्यांतूनही चटका बसे. चाचा एकेक खुंटी उलटी ठोकून काढायचा, फळी सुटली की आम्ही दोघं ती धरून खाली ठेवायचो.

"चाचा, मशीन आणतो. लवकर उरकेल."

त्याने ऐकलं नाही. शेवटी मुकादमानेच तळाचं सलग लाकूड कापायला विजेची करवत पाठवली. जहाज पहिल्यांदा पाण्यात सोडताना चाचाने त्या लाकडाला मधोमध भोक पाडलं होतं, त्यांच्या रिवाजाप्रमाणे. "ही तिची बेंबी," तो म्हणायचा. करवत सुरू झाली तसा तो पिकअपमध्ये जाऊन बसला, दोन्ही कान दाबून. मी शेजारी बसलो.

त्याला घरी पाठवलं. रमजान उलटल्यावर त्याच्या मुलाचा फोन आला. मला एक शब्द कळेना. बंदरावरच्या इंडोनेशियन खानसाम्याच्या हातात मी फोन दिला. तो ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला, "म्हातारा गेला. जेवणच सोडलं होतं म्हणे."

जुम्म्याला मी आणि खानसाम्याने मशिदीत त्याच्यासाठी, मयत समोर नसताना पढतात ती, गायबाना जनाज्याची नमाज पढली. संध्याकाळी बायकोला फोनवर सांगायला गेलो, तर कोण चाचा, कुठलं जहाज, इथूनच सुरुवात करावी लागली.