प्रल्हादची नॉनस्टॉप

सायकलच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. चाकात हवा भरायला आलेला गडी स्वतःची थोडी हवा इथंच सोडून जातो! ताडकळसला एसटी स्टँडजवळ माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि शेजारी रफिकभाईचं शिलाई मशीन. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. तेव्हाचे किस्से सांगावे तेवढे थोडे! पण प्रल्हादचे सांगायला लागलो की समोरचा आजही तोंड उघडं टाकून बसतो. आम्ही तर ते डोळ्यांनी पाहिले.

*

त्या उन्हाळ्यात गावात एक नॉनस्टॉप सायकलवाला आला होता. शाळेच्या मैदानात आठवडाभर गोल गोल फिरायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. जेवण, अंघोळ, दाढी, सगळं सायकलवरच! लाऊडस्पीकरवर दिवसभर गाणी. शेवटच्या दिवशी सरपंचांनी स्वतः हार घातला, बायांनी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी प्रल्हाद दुकानात आला. बौद्धवाड्यातला पोरगा. मॅट्रिक होऊन रोजगार हमीवर खडी फोडायचा. विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र आल्या आल्या म्हणाला, "मामा, पुढच्या उन्हाळ्यात मी चालवणार. आठवडाभर."

मी पाना खाली ठेवला.

"आरं, तुझ्याकडं सायकल तरी हाय का?"

"तुमच्याकडं ढिगानं हायेत की!"

*

प्रॅक्टिस सुरू झाली. आधी जेवणाची. प्रल्हाद सायकलवर, आणि ताट घेऊन शेजारी पळणार रफिकभाई. रफिकभाईचं वजन म्हणजे ज्वारीचं भरलेलं पोतं! तरी पळायचा बिचारा. "ले मियाँ, निवाला ले!"

एक दिवस ठेचा-भाकरी पुढं करता करता रफिकभाई ताटासकट नालीत गेला. आम्ही ओरडत धावलो. मला तर वाटलं, हाडबिड मोडलं. तेवढ्यात प्रल्हाद एक चक्कर मारून परत आला. आता उतरून हात देईल म्हणून आम्ही बघतोय, तर हा वाकून विचारतो, "भाकरी न्हाई ना सांडली?"

रफिकभाई नालीतूनच म्हणाला, "भाकरी नहीं, मैं सांड्या रे, जालिम!"

*

अंघोळीचं काम त्याच्या आईकडं, गयाबाईकडं. ती बादली भरून उभी राहायची आणि हा जवळून गेला की पाणी फेकायची. एकदा नेम चुकला. पाणी गेलं ते थेट हेडमास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर!

हेडमास्तर म्हणजे कडक माणूस, आता काय होतंय! गयाबाईनं त्यांना खालून वर बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, लय ऊन हाय."

*

मग पेंगायची प्रॅक्टिस. हँडल धरून डोळे मिटायचे आणि पायडल मारत राहायचं. मी हजारदा सांगितलं की हे मैदानात कर. पण कळण्याआधीच डोळा लागला तर काय करणार! एका बाजाराच्या दिवशी आमच्या डोळ्यांदेखत त्याची मान खाली पडली आणि सायकल सरळ कुंभाराच्या मांडलेल्या मडक्यांत शिरली.

सायकल डावीकडं, उजवीकडं, दोन रांजणांच्या मधून, अशी वळणं घेत पलीकडं निघून गेली. एका मडक्याला धक्का नाही!

मडकी फुटली ती नंतर. त्याला पकडायला धावलेल्या रफिकभाईनं फोडली.

*

एकदा बंद पुकारला होता. एसटी बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आम्ही सगळे घाबरून घरात, आणि प्रल्हाद खूष! एवढा मोकळा रस्ता त्याला कधी मिळणार?

बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं अडवलं. "कुठून आलास?"

"हितूनच."

"कुठं चाललास?"

"हितंच."

हवालदाराचं डोकं फिरलं. "चल चौकीत!" पण चौकी लांब, वर ऊन मी म्हणत होतं. शेवटी हवालदारच कॅरिअरवर बसला. प्रल्हादला काय, तेवढीच ओझ्याची प्रॅक्टिस! आम्ही दाराच्या फटीतून बघतोय: पुढं पायडल मारणारा आरोपी आणि मागं डुलक्या घेणारे साहेब.

पुढचं नंतर प्रल्हादला विचारून काढलं. चौकीच्या दारात फौजदार उभे होते. त्यांनी दोघांकडं पाहिलं आणि विचारलं, "कुणी कुणाला पकडून आणलंय?"

*

पण सगळे दिवस हसण्याचे नव्हते. दिवसभर खडी फोडायची आणि उरलेल्या वेळात सायकल. दिवाळीच्या सुमाराला प्रल्हादचे गुडघे सुजले. खडी फोडायला तो कसाबसा जायचा, पण दुकानाकडं फिरकेना. मी बौद्धवाड्यात जाऊन समजावलं. रफिकभाईनं शपथा घातल्या. तो भिंतीकडं तोंड करून पडलेला.

"जाऊ द्या मामा. मला कोण हार घालायलाय? कशाला जिवाचे हाल?"

खरं सांगायचं तर आमच्या मनातही तीच शंका होती.

दोन दिवसांनी गयाबाई दुकानात आली. लुगड्याचा काचा घट्ट खोचलेला. म्हणाली, "भाऊ, मला सायकल शिकवा."

"तुमाला? कामून?"

"पोरानं गावाला जबान दिलीय. त्यो न्हाई तर मी चालवते."

मी नको नको म्हणत असताना बाईनं सायकल ओढून बाहेर काढली. एक पाय टाकला, आणि धाडकन पडली. उठली. परत पडली. कोपर सोलून रक्त यायला लागलं तरी हँडल सोडेना. स्टँडवरची माणसं एसटी सोडून बघायला लागली. कुणीतरी कामावर जाऊन सांगितलं असावं, कारण प्रल्हाद खडीच्या धुळीनं पांढरा झालेला, लंगडत पळत आला.

"आई, सोड! लोक बगायलेत!"

"बगू दे! आपल्या घरातलं कुणीतरी चालवंल!"

त्यानं तिच्या हातातून सायकल घेतली, वर बसला आणि परभणीच्या रस्त्यानं सुसाट निघाला. गयाबाई पदरानं कोपर पुसत म्हणाली, "बरं झालं बाई, लय अवघड हाय ती!"

*

पुढच्या उन्हाळ्यात प्रल्हादनं खरंच आठवडाभर सायकल चालवली. पाचव्या दिवशी त्याला माणसं ओळखू येईनात. रफिकभाईला तो आई म्हणाला आणि रफिकभाई रडला. पण पाय जमिनीला लागला नाही.

शेवटच्या दिवशी मैदान गच्च भरलं. सरपंच हार घेऊन उभे. हो, हार होता! माईकवाला ओरडला, "प्रल्हादराव, वेळ संपली! आता उतरा!"

प्रल्हादनं सरपंचांसमोरून चक्कर मारली, आणि सायकल फाटकातून बाहेर काढली.

सरपंचांचे हार धरलेले हात तसेच वर. "अरे, नींद में है वो! पकडो!" म्हणत रफिकभाईनं मला कॅरिअरवर घेतलं आणि आम्ही मागं लागलो.

तो झोपेत नव्हता. त्यानं जवळच्या एका खेड्याचा रस्ता धरला. ते त्याचं मूळ गाव. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तिथली त्यांची वस्ती जळाली, तेव्हा मायलेकं ताडकळसला आली होती. त्याचा बाप जिवंत असताना माझ्याच दुकानातली सायकल भाड्यानं न्यायचा. त्या गावची वेस आली की तो खाली उतरायचा, पाटलाचं घर मागं पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचा, आणि मग परत बसायचा. त्याच्या वस्तीतले सगळेच उतरायचे. तसा रिवाजच होता.

प्रल्हाद वेशीतून आत शिरला. ना वेग वाढवला, ना कमी केला. पाटलाच्या ओट्यावर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली. आम्ही वेशीतच थांबलो. पुढं जायची आमची छाती झाली नाही.

म्हातारे पाटील काठी टेकत ओट्याच्या कडेला आले. "कोण हाय रे त्यो? उतर खाली!"

प्रल्हादचे डोळे लालभडक, ओठ फुटलेले. पायडल मारता मारताच त्यानं मान वळवली आणि अगदी नरम आवाजात म्हणाला,

"नॉनस्टॉप हाय, मालक. उतरता येत न्हाई."