प्रतिभाच्या बाळाची डबी

नवऱ्याला नाही, आईलाही नाही. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही – आज तुम्हाला सांगते.

लहान मुलांच्या पोटात कुठले जंतू असतात, हगवण कशाने लागते, याचा अभ्यास चालला होता. अंजनगाव सुर्जीत घरोघर जाऊन बाळांच्या शीचे नमुने डबीत गोळा करायचं काम माझं. वाईट जंतू सापडले की अमरावतीहून डॉक्टर फोन करत, बाळाला घेऊन या म्हणत. आया त्या फोनची वाट बघत.

प्रतिभाच्या बाळाला जुलाब लागले होते. मी पोचले तर तिने दुपटी धुऊन वाळतही घातलेली. घाण घरात कोण ठेवतं? डबी भरेपर्यंत धुऊ नकोस, हे मी आधी सांगायला हवं होतं – विसरले. पुन्हा उन्हात यायचं, वर साहेबांची बोलणी खायची... मी काय केलं? घरी गेले. माझी मुलगी तेवढ्याच वयाची, ठणठणीत. तिची शी डबीत भरली आणि वर प्रतिभाच्या बाळाचं नाव चिकटवलं.

फोन आला नाही. येणार कसा?

"ताई, फोन नाई आला. पोरगं तं मलूल पडून राहिलं," प्रतिभा म्हणाली.

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हटलं, "नाई आला म्हणजे चांगलंच हाय. दात येऊन राहिले असतील."

माझ्या शब्दावर ती थांबली, बाळाला दवाखान्यात नेलं नाही. बाळ सुकत गेलं – आणि वारलं. माझ्यामुळे वारलं.

तिला आता दुसरा मुलगा झालाय. परवा तिने मला दारावरून जाताना हाक मारली, चहाला बसवलं. बाळाच्या तोंडात बाटली होती.

"याले आंगावर पाजतच नाई मी," ती म्हणाली. "पयल्याच्या पोटात तं काईच निंगालं नवतं ना, ताई? मंग माह्यं दूधच बाधलं त्याले."

तुझं दूध चांगलं होतं गं – एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती विचारणार, तो गेला काहून? मी कप तोंडाला लावला. बाटलीतलं दूध पाण्यासारखं पातळ होतं, निपलवर माश्या बसत होत्या, बाळाचे डोळे खोल गेले होते. हे सगळं मला दिसत होतं. याचं पुढे काय होतं, तेही मला ठाऊक होतं.

मी चहा संपवला. बाळ गोड आहे म्हटलं आणि निघाले.